झाकणीवर ठिपका नको

जया : मावशी, जंगल रांगेत उगवतं का?

तानाबाई : पाणी पे आधी. माठातलं हाय.

जया : पाणी नको. सागाची झाडं देव रांगेत लावतो का, ते सांगा. एका रांगेत बावीस, दुसऱ्या रांगेत बावीस, मधात दोन-दोन मीटर. आत्ता टेप लावून आले मी.

तानाबाई : एवढ्या उन्हात टेप लावत बसली? डोक्शाले दुपट्टा तरी बांधाव व. तोंड पाह्य कसं झालं, टमाट्यावानी.

जया : टमाट्याचं राहू द्या. मागच्या मंगळवारी तुम्ही मला हाताला धरून त्या टेकडीवर नेलं. म्हणालात, हे आमच्या सासूच्या सासूच्या वक्ताचं रान, याले कोणी हात नाई लावला. मी तेच लिहिलं. नकाशात गडद हिरवा रंग भरला. जुनं, मूळचं जंगल, इथे खोदकाम नको. अंकुश सरांना पाठवूनही दिलं. संस्थेत सहा वर्षं झाली मावशी, माझ्या एकटीच्या सहीचा हा पहिला नकाशा. आणि आज वरच्या अंगाला काय सापडलं? पत्र्याची पाटी. "सागवान रोपवन, सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी."

तानाबाई : पाटी अजून हाय तिथी? मले वाटलं नेली असन कोणी कोंबड्याच्या खुराड्याले.

जया : म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

तानाबाई : माहीत कायचं? गड्डे मीच तं खोदले व तिथी. पोटात थोरला होता, तरी रोजीनं गेलती.

जया : मावशी!

तानाबाई : वरडू नको. उद्या आष्टीचा बजार हाय, सांबाराच्या जुड्या बांधून राह्यली मी. तुह्या वरडण्यानं पानं गळतात.

जया : वरडू नको तं काय करू? खोटं काऊन बोल्ल्या माह्यासंगं? म्या काय बिघडवलंतं तुमचं?

तानाबाई : हे पाह्य. राग आला का तुह्या गावची, समुद्रपूरची बोली बाहीर आली. इतके दिवस शहरातली, सिंदी मेघेची मॅडम बोलत होती.

जया : मावशी, ती कोथिंबीर ठेवा बाजूला. मी हसायला आलेली नाही.

तानाबाई : मंग बस तरी. उभ्यानं भांडू नाई, पायात गोळे येतात. घे, ह्या काड्या निवड. पिवळं पान काढून टाकजो.

जया : तुम्ही मला कडेकडेनं नेलं. नाल्याच्या अंगानं. तिथं झाडं दाट, उंच, मधात दोन-चार मोहाची. रांगा दिसल्याच नाहीत मला. वर मात्र निम्म्या रांगा मेलेल्या, उघडा मुरूम पडलाय. तिथं तुम्ही जाऊच दिलं नाही. म्हणालात, मधमाश्या हाये.

तानाबाई : हाये मधमाश्या. एखादी असनच.

जया : मी विश्वास ठेवला तुमच्यावर.

तानाबाई : अव, त्या टेकडीचं नावच बोडखी हाय.

जया : काय?

तानाबाई : बोडखी. माह्या सासऱ्याच्या लग्नाच्या आधीपासून. एक काडी नवती तिच्यावर, म्हणून तं सरकारनं साग लावला.

जया : नाव नाही सांगितलं तुम्ही मला.

तानाबाई : तू इचारलं नाई. तू मोबाईलात पाहून म्हणली, किती हिरवं दिसतं ना मावशी! म्या म्हटलं, हो बाई. मी खोटं बोलली, कबूल. नाव तं खोटं नवतं बोललं. त्याले कोणी इचारलंच नाई.

बंडूजी : राम राम मॅडम! तुमची गाडी पाह्यली बाहीर, म्हटलं बरं झालं. वहिनी, चाय मांडा, खुशखबर हाय.

तानाबाई : चायले दूध नाई. खुशखबर कोरीच सांगा.

बंडूजी : मशीन येऊन राह्यली. आष्टीत उभी हाय पंपाजवळ, मी सोता हात लावून आलो. उद्या सकाळी सात वाजता झाकणीच्या टेकडीवर. तीन हजार गड्डे, तीन दिवसांत खल्लास. पाऊस आला का रोपं. एकदम हिरवंगार करून टाकतो.

तानाबाई : कुठी?

बंडूजी : झाकणीवर.

तानाबाई : बोडखीवर म्हना.

बंडूजी : बोडखीले कोणी हात लावू शकत नाई. मॅडमच्या नकाशात ते पुरातन जंगल हाय! काल जंगलखात्याच्या साहेबानं मले नकाशा दाखवला, तं मले हसू दाबता येईना. ल्हानपणी या डोक्शावर रोपाच्या पाट्या वाह्यल्या म्या तिथी, अन् ते पुरातन. मंग मी कोण? पुराणपुरुष?

जया : मग बोलायचं ना काका तिथंच! साहेबांसमोर!

बंडूजी : काऊन बोलू? सरकारले पुरातन दिसते तं पुरातन. वरून झाकणी पडली रस्त्याच्या कडेले. नकाशात पिवळी हाय, रिकामी पडीत जागा, लागवडीस योग्य. मशीन सरसर चढते. बोडखीवर मशीनच चढत नाई. अन् तुम्ही मले इचारलं कुठी, मॅडम? वनसमितीचा अध्यक्ष मी, अन् जंगल दाखवाले सांबारवाली.

तानाबाई : बंडूजी, उद्याच काऊन? बजार होऊ द्या.

बंडूजी : मशीन भाड्याची हाय, ती का बजार करते? वहिनी, जुडी पडली तुमच्या हातातली.

तानाबाई : पडू द्या.

बंडूजी : बरं, निघतो. नारळ आणतो, डायवरच्या जेवणाचं पाहतो. हो, अन् यंदा पाऊस झाला का त्या औषधी मुसळीचं पक्कं सांगजा. मॅडम, गुडघे असे बोलतात ना माह्ये, रस्त्यानं चाललो का कुत्रे मागं पाह्यतात. अन् आमच्या वहिनीले जागा माहीत हाय मुसळीची, पण सांगन तं शपथ.

तानाबाई : सांगतलं तं किती डाव. बोडखीच्या मागच्या उतारावर.

बंडूजी : तीस वर्षं झाले, एक कांडी नाई भेटली.

तानाबाई : नजर पाह्यजे.

बंडूजी : नजर! ऐकलं मॅडम? चला. सात वाजता. फोटोले येजा तुम्हीही.

जया : गेले. मावशी? ही जुडी उचलू का?

तानाबाई : गड्डा केवढा राह्यते व मशीनचा?

जया : दीड फूट खोल. दीड फूट रुंद.

तानाबाई : अन् ती वीतभर खोल राह्यते.

जया : ती कोण?

तानाबाई : कोणी नाई. ते पिवळं पान राह्यलं, काढ.

जया : मावशी, झाकणीवर काय आहे?

तानाबाई : दगडं.

जया : बंडूकाकांना तीस वर्षं बोडखी सांगितली. मला बोडखी सांगितली. जे झाकणीवर असतं ते तुम्ही बोडखीवर सांगता. आता मला येतंय लक्षात. मुसळी आहे तिथं?

तानाबाई : हळू बोल! रस्त्यानं मानसं जातात.

जया : आहे म्हणजे!

तानाबाई : मोबाईलातला रंग पुसता येते का? झाकणीचा पिवळा?

जया : पुसता येतो. पण कारण द्यावं लागतं. सर विचारतील, चार दिवसांपूर्वी रिकामी जागा होती, आज जंगल कुठून आलं? ऐका मावशी, मी जंगल शोधते म्हणजे उंच झाडं नाही शोधत. उंच झाडं चाळीस वर्षांत होतात, तुमच्या बोडखीवर झालीच. मी जुनी जमीन शोधते. जिथं कधी नांगर फिरला नाही, कोणी उकरलं नाही. तिथले कंद, तिथली मुळं, तिथलं गवत, ते एकदा उकरलं की गेलं. मग वर किती का झाडं लावा, ते परत येत नाही. म्हणून आधी नकाशा करायचा, की असे तुकडे उरलेत कुठं. ते सोडायचे, आणि बाकीच्या उघड्या जागी झाडं लावायची. एवढंच काम आहे माझं.

तानाबाई : मंग हे मले मंगळवारी काऊन नाई सांगतलं?

जया : सांगितलं की!

तानाबाई : नाई सांगतलं. तू म्हणली, मावशी, मोठाली जुनी झाडं दाखवा. मोठाली होती, दाखवली.

जया : ...हो. तसंच म्हणाले मी.

तानाबाई : तो नकाशा कोण कोण पाह्यते?

जया : सर पाहतात. मग साहेब, समिती. नंतर खुला होतो, सगळ्यांसाठी.

तानाबाई : सगळ्यायसाठी म्हंजे?

जया : म्हणजे कोणीही. मोबाईलवर.

तानाबाई : नागपूरचा व्यापारीही?

जया : हो. तोही.

तानाबाई : मंग राहू दे. पिवळाच बरा.

जया : पिवळा राहिला तर उद्या सात वाजता मशीन येतं मावशी!

तानाबाई : माहीत हाय मले! कान हाये मले! बस म्हटलं नं तुले, येरझारा नको घालू, माह्या डोक्शात येरझारा सुरू हाये तेवढ्या पुरे. ऐक. दोन जागा होत्या. एक झाकणी, एक नाल्यापल्याडची. सासूनं मले दोनी दाखवल्या, लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीले. सासू सुनेले दाखवते, एकच डाव. नवऱ्याले नाई, लेकाले नाई. बाहेरच्यानं इचारलं तं बोडखी सांगाची.

जया : म्हणजे खोटं सांगायची रीतच आहे?

तानाबाई : रीतच हाय. माह्या सासूनं पाटलाले बोडखी सांगतली होती, अन् तिच्या सासूनं गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याले. म्या एकदा मोडली रीत. यशोदाबाई होती, माही मैतरीण, पलीकडच्या गल्लीतली. तिची सून बाळंतीण झाली, अन् दूध येईना. पोट्टं नुसतं रडे. म्या यशोदीले नाल्यापल्याड नेलं, म्हटलं, घे मूठभर. यशोदी चांगली, तिच्यात खोट नवती. तिनं भावाले सांगतलं, भावानं व्यापाऱ्याले. दुसऱ्या पावसात तीस मानसं आली खोदाले सब्बला घेऊन. बाळंतिणीले लागते मूठभर, त्यायनं पोते नेले. बी म्हणून एक डोकं नाई ठेवलं जमिनीत. आता तिथी तरोट्याचं तण उगवते. नुसता तरोटा.

जया : आणि यशोदाबाई?

तानाबाई : बोलली नाई माह्यासंगं मरेपर्यंत. राग नवता. लाज वाटे तिले. मलेही वाटे.

जया : झाकणी सुनेला दाखवली तुम्ही?

तानाबाई : सून पुण्याले हाय. येते दिवाळीले. दिवाळीत पानं वाळून गेलेले राह्यतात, काय दाखवू, माती?

जया : मावशी, साडेतीन वाजले.

तानाबाई : वाजू दे. मले सुचू दे.

जया : मी काही म्हणत नाही. पण साडेतीन वाजले.

तानाबाई : तुह्या या साडेतीननं जीव घेतला माह्या! त्या सांबारावर वलं फडकं टाक. चाल. अन् तो मोबाईल पिशवीत घाल.

जया : मोबाईलशिवाय नकाशा कसा—

तानाबाई : डोये हाये नं? ते घे संगं.

(झाकणीचा चढ. चार वाजून गेले आहेत, तरी दगड तापलेले.)

जया : इथं तर झुडपंच आहेत, मावशी. कमरेएवढी. पानसुद्धा नाही. सर म्हणतील...

तानाबाई : सर गेला खड्ड्यात. खाली बस. उभ्यानं झुडूपच दिसते. हे पाह्य, धावडा. त्याच्या बाजूले धावडा, त्याच्या बाजूले धावडा. आता बोट फिरव सगळ्यायवरून. कसं फिरलं?

जया : गोल. गोल आहे! एक, दोन... अकरा फुटवे, गोलात उभे.

तानाबाई : अकरा नाई. एकच झाड हाय ते. मधातला खुंट सडून गेला. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी तोडलं, फुटलं. ढोरायनं खाल्लं, फुटलं. दर डाव उलसं बाहीर सरकते. सासू सांगे, तिच्या सासूच्या वक्ती मधात खुंट होता, त्याच्यावर बसून भाकर खायच्या बाया.

जया : टेप धरा. तिकडून धरा, गोलाभोवतीनं. साडेसात मीटर. मावशी, हा साडेसात मीटरचा घेर आहे एका झाडाचा!

तानाबाई : असन.

जया : असन काय? हा बोडखीच्या सागाचा पणजोबा लागेल! आणि उपग्रहाच्या फोटोत इथं टक्कल दिसतं.

तानाबाई : वरून पाह्यलं तं टक्कलच दिसन. माह्यंही दिसते. — थांब! तिथी पाय नको ठेवू!

जया : काय झालं? साप?

तानाबाई : सापाले काय भेतं. अलीकडून ये, दगडाच्या अलीकडून. हां. इथी.

जया : इथं काहीच नाही.

तानाबाई : झोपून हाय ती. पाऊस झाला का उठन. आखाडीले ये, पांढऱ्या फुलायनं उतार भरून राह्यते. हे उलटे दगडं दिसतात?

जया : उलटे म्हणजे?

तानाबाई : मातीची बाजू वर, उन्हाची बाजू खाली. यंदा जिथून काढली तिथी दगड उलटा ठेवाचा. मंग तीन साल तिथी हात नाई लावाचा. काढतानी पण सगळ्यायत बारीक कांडी डोक्शासकट परत दाबाची. सासू म्हणे, घरात पाहुणा आला तं एक भाकर झाकून ठेवतोच नं आपण, तसं.

जया : हा दगड कोणाचा?

तानाबाई : हा माह्या. तो चपटा, तो माह्या सासूचा. त्याच्या पल्याडचे मातीत बसले ते तिच्या सासूचे. अन् त्याच्यावरचे... ते माहीत नाई व. सासूलेही माहीत नवतं.

जया : मावशी, किती आहेत हे! एक, दोन, तीन...

तानाबाई : मोजू नको. अन् हात पिशवीत कायले गेला?

जया : एक ठिपका. फक्त एक ठिपका मावशी, या जागेचा. मी सहा वर्षं फिरतेय, असा पुरावा कोणाकडेच नसतो! हे पाहिल्यावर सर एका मिनिटात...

तानाबाई : ठिपका नको.

जया : अहो, मग मी सांगू काय त्यांना?

तानाबाई : काई सांग. ठिपका नको. दे इकडं तो मोबाईल.

जया : ओढू नका, पडेल! ठिपका नाही लावला तर उद्या सकाळी मशीन. लावला तर पुढच्या पावसाळ्यात सब्बला. सांगा, काय करू? तुम्हीच सांगा!

तानाबाई : मले इचारते? शिकली तू!

जया : मी शिकले ते सगळं दाखवायचं शिकले. लपवायचं कोणी शिकवलंच नाही मला.

तानाबाई : ...पाणी पे. डबकीत आणलं हाय म्या. पे म्हटलं नं.

जया : द्या.

तानाबाई : हळू. ठसका लागन.

जया : मावशी. असे गोल किती असतील धावड्याचे? या टेकडीवर?

तानाबाई : मोप हाये. त्या अंगालेही हाये. दीडशे, दोनशे.

जया : ते चोरून न्यावं असं वाटेल का कोणाला?

तानाबाई : धावडा? त्याले कोण चोरते? ढोरायले तं रोज फुकट भेटते.

जया : आणि गोल जुने आहेत, हे टेप सांगतो. मला कोणाला मुसळी दाखवायची गरजच नाही. ठिपके धावड्यांना लावते. टेकडीभर, वरपासून खालपर्यंत. रंग सगळ्या टेकडीला भरते, इथला एक कोपरा वेगळा दिसणारच नाही. आणि या उतारावर एकही ठिपका नाही.

तानाबाई : एकही नाई?

जया : एकही नाही.

तानाबाई : मंग टेपाचं टोक इकडं दे. तुह्यानं एकटीनं काय होते. तिकडून चाल, करवंदीच्या जाळीकडून. पायाखाली पाहून.

जया : सहा मीटर दहा.

तानाबाई : लिव.

जया : पाच नव्वद. हा तुटलाय मधे.

तानाबाई : तुटला नाई, तिथी वाट पडली ढोरायची. लिव.

जया : आठ! आठ मीटर वीस! मावशी, आठ!

तानाबाई : नाचू नको, उतार हाय. सूर्य कुठी गेला पाह्य.

जया : एकोणतीस झाले. पुरे. सव्वा सहा वाजले, सर घरी जातील. फोन लागतोय इथून. थांबा. हॅलो, सर? जया बोलतेय. सर, आष्टीचा नकाशा चुकलाय. ... नाही, थोडा नाही. उलटा झालाय. जिथं हिरवा आहे ते अठ्ठ्याऐंशीचं रोपवन आहे, आणि जिथं पिवळा आहे ते जुनं जंगल. ... हो सर, मीच सही केली होती. ... नाही, त्या बाईंची चूक नाही. मी झाडं विचारली, जमीन विचारलीच नाही. टेकडीला गावात काय म्हणतात तेसुद्धा विचारलं नाही. ... पुरावा आहे. धावड्याचे एकोणतीस गोल मोजले, घेर पाचपासून आठ मीटरपर्यंत, फोटो पाठवतेय. ... खाली? जमिनीवर? ... उन्हाळा आहे, सर. जमिनीवर काही दिसत नाही. दगडं आहेत. ... सर, उद्या सातला मशीन लागतंय, साहेबांना तुम्ही आत्ताच्या आत्ता फोन करा. आणि बोडखीचे खड्डे मजुरांकडून करता येतील का, तेवढं विचारा. ... लेखी देते. ... हो. समजलं. ठेवते.

तानाबाई : काय म्हणला व?

जया : साहेबांना फोन करतो म्हणाले.

तानाबाई : अन् तुले काय म्हणला? तोंड पडलं तुह्यं.

जया : आता वर्षभर माझ्या एकटीच्या सहीनं नकाशा जाणार नाही. दुसरं कोणीतरी तपासायला येईल बरोबर.

तानाबाई : माह्या पायी झालं.

जया : नाही हो. ...बरं, थोडं तुमच्या पायी झालं.

तानाबाई : थोडं नं? थोडं चालते.

(अर्ध्या तासानं. दोघी उतरत असताना बंडूजी खालून चढून येतो.)

बंडूजी : मॅडम! ओ मॅडम! थांबा तिथीच! काय तमाशा लावला हा? साहेबाचा फोन आला मले, झाकणी कॅन्सल! नारळ आणला, डायवरले कोंबडा सांगतला, अन् आता कॅन्सल? गावात काय तोंड दाखवू मी? लोक म्हनतीन अध्यक्षाले कोणी इचारत नाई!

जया : काका, दम घ्या. चढून आलात.

बंडूजी : दम गेला चुलीत! हे झुडपं वाचवाचे हाये तुम्हाले? हे? आमच्या ढोरायचं पोट नाई भरत याच्यात!

जया : काका, मशीननं तीन दिवसांत खड्डे झाले असते. गावातल्या किती जणांना काम मिळालं असतं?

बंडूजी : मशीनले मानसं कायले लागतात? एक डायवर.

जया : आणि बोडखीवर मशीन चढत नाही, तुम्हीच म्हणालात.

बंडूजी : नाईच चढत. मुरूम हाय सगळा.

जया : मग तिथं तीन हजार खड्डे कोण खोदणार?

बंडूजी : ...हातानं?

जया : वरच्या अंगाला निम्म्या रांगा मेल्यात, जागा आहे. मजुरांकडून करायचं का, ते साहेब ठरवतील. पण त्यांना समितीचा ठराव लागेल. अध्यक्षांच्या सहीचा.

बंडूजी : आज?

जया : आज दिला तर उद्या बोलता येईल.

बंडूजी : तीन हजार गड्डे... एका मानसाचे दिवसाचे दहा धरा मुरमात... मॅडम, अर्ध्या गावाचा उन्हाळा निघते याच्यात! हे आधी सांगाचं ना! ठराव का, आत्ता लिवतो. लिहाले काय लागते? हे मी पहिलेच म्हणत होतो तसं, का बोडखीलेच पाह्यजे.

तानाबाई : म्हणत होते. म्या ऐकलं.

बंडूजी : पण एक सांगा. झाकणीवर असं काय भेटलं तुम्हाले?

जया : धावडे, काका. जुने आहेत, गोल गोल.

बंडूजी : धावडे! अन् धावडे दाखवाले आमची वहिनी या उन्हात चढली? बजाराचा सांबार सोडून? मॅडम, खरं सांगा. मुसळी तं नाई दाखवली हिनं?

जया : मुसळी? ती तं बोडखीले हाय ना काका. मागच्या उतारावर.

बंडूजी : घ्या! तुम्हालेही तेच सांगतलं? अजी, तीस वर्षं झाले, एक कांडी...

जया : नजर पाह्यजे, काका.

बंडूजी : आता गड्डेच खोदू तं पाहतोच. जाईन कुठी? चला, मी होतो पुढं. त्या डायवरचा कोंबडा तरी वाचवतो.

तानाबाई : गेला का?

जया : वळणावर गेले.

तानाबाई : चाल मंग. सांबार सुकला असन. दोन जुड्या तुले काढून ठेवते, तुह्या घरी कोणी पाह्यत नाई वाटते तुले, गाल बसले. अन् हे पाह्य, आखाडी झाली का येजो. एकटी येजो.

जया : येते. काय आणू?

तानाबाई : काई नको. तुह्या दगड मी पाहून ठेवते.